उजव्या काठाचे तीन दात

"कोण पायजे तुले?" मायनं विचारलं.

अंगणात खाटेवर मूगवड्या वाळत घातल्या होत्या आणि माय हातात काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसली होती. माय म्हणजे माझी सासू. आणि फाटकापाशी उभा होता तो तिच्या पोटचा एकुलता एक मुलगा. हातात कापडी पिशवी, दाढी वाढलेली, एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला.

"माय, मी आहो."

"ते दिसून राहिलं मले. कोण पायजे, ते विचारलं."

"द्वारका आहे का घरी?"

"घरीच असते ते. घर सोडून जायची सवय तिले नाई."

मी पुढच्या खोलीत चरख्यावर कांड्या भरत होते. आवाज ऐकला आणि चाक हातानं धरून थांबवलं. होळी होऊन चार दिवस झाले होते. ते गेले तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. मध्ये चार महिने गेले, आणि या चार महिन्यांत ते आले तर काय बोलायचं हे मी इतक्या वेळा मनात जुळवलं होतं, की ऐन वेळी त्यातलं एक वाक्य आठवलं नाही.

माय आत आली. तिनं आवाज खाली केला. "पाणी देऊ का त्याले?"

आमच्याकडं माणूस दारात आलं की आधी पाय धुवायला पाणी. मग बाकीचं. पोस्टमन आला तरी माय तांब्या घेऊन उठायची.

"नको," मी म्हटलं.

ती परत कोंबड्यांकडे गेली.

त्यांचं नाव मनिराम. मनिराम धकाते. तेव्हा मी नाव घेत नव्हते, पवनीत आमच्या वेळी कोणतीच बाई घेत नव्हती. आता घेते. ऐकून रागवायला कोणी उरलं नाही.

ते दारातूनच बोलले. माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मागे बघत होते. तिथं आमचा माग होता, आणि मागावर जुन्या लुगड्याखाली झाकलेली अर्धी साडी.

"साडी तशीच आहे?"

"तशीच आहे."

"कोणाच्या हातून पुरी नाई करून घेतली?"

"झिंगरूभाऊजी बसले होते एक दिवस. दोन बोटं विणली. मग मीच उकलली."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मी पुरी करून देतो. साडी झाली की तू म्हणशीन तसं. जा म्हटलं तर जाईन."

मला वाटलं, किती सोपं करून मागतो आहे हा माणूस. माफी नाही, रडणं नाही, पाया पडणं नाही. माग तेवढा मागितला. आणि खरं सांगते, दुसरं काहीही मागितलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं.

इथं मला थोडं आमच्या कामाचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. करवतकाठी साडी एकट्या माणसाला विणता येत नाही. मधलं अंग कोसा रेशमाचं, पिवळसर पांढरं. दोन्ही काठ लाल सुताचे. आणि लाल जिथं पांढऱ्याला भेटतं तिथं करवतीसारखे दात. त्यासाठी आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, मधलं अंग आणि डावा काठ त्याच्याकडे. उजव्या काठाला शेजारी दुसरं माणूस बसतं. ते माणूस मी होते. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून सहा वर्षं, रोज. त्यांनी धोटा टाकायचा, मी टाकायचा, लाल धागा पांढऱ्यात अडकला की त्यांनी फणी ओढून ठोका मारायचा. किती तारा पुढे, किती मागे, हे दोघांनी आपापल्या मनात मोजायचं. बोलायची सोय नाही. एकाचं मोजणं चुकलं की दात गेला.

आणि ज्यानं साडी सुरू केली त्यानंच ती संपवायची. यात देवाधर्माचं काही नाही. प्रत्येकाच्या हाताचा ठोका वेगळा असतो, कोणाचा जड, कोणाचा हलका. मधेच माणूस बदललं की कापड लगेच सांगतं. झिंगरू म्हणजे माझे चुलतदीर, चांगले विणकर. पण त्यांनी विणलेली ती दोन बोटं अशी दिसत होती, जशी दुसऱ्याच्या अंगातली बाही आणून जोडली आहे.

पोटासाठी मी यांना परत मागावर घेतलं असं मात्र कोणी म्हणू नये. ते गेल्यावर महिनाभरात मी विणकर सोसायटीच्या शेडात पंचे विणायला जायला लागले होते. स्वतः खड्ड्यात बसून. सुरुवातीला शेडातले बापे हसले, बाई मागावर बसली म्हणून. मग हसणं बंद झालं. माझं भागत होतं. माय माझ्याजवळ होती. उमरेडहून भावाचा दर पंधरा दिवसांनी निरोप येत होता, सोड ते घर, इकडे ये. म्हणजे हो म्हणायला मी मोकळी होते आणि नाही म्हणायलाही. त्यामुळंच जीव जास्त खात होता. लाचार असते तर सोपं गेलं असतं.

"साडी होईपर्यंत," मी त्यांना म्हटलं. "सकाळी यायचं, अंधार पडायच्या आत जायचं. झोपा झिंगरूभाऊजीकडं. अन् माजघराच्या आत पाय टाकायचा नाई."

"बरं," ते म्हणाले.

पहिल्या दिवशी काहीच जुळलं नाही. चार महिने थांबलेला माग, ताणा सैल पडलेला, फणीत धूळ. त्यांनी सगळं पुसलं, ताणा ओढून घेतला, खड्ड्यात उतरले. मी माझ्या जागी बसले. आमच्या दोघांच्या गुडघ्यांत वीतभर अंतर असतं. सहा वर्षं त्या वीतभराचं मला काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी लुगडं आवरून घेतलं.

ते धोटा टाकायचे तेव्हा मी उशिरा, मी टाकायचे तेव्हा त्यांचा ठोका आधीच पडलेला. दुपारपर्यंत चार बोटं विणली आणि मग सुई घेऊन चारही बोटं उकलली. मायनं त्यांचं ताट ओट्यावर नेऊन ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्यातलं दिलं आहे. तुझ्यातलं नाई दिलं."

संध्याकाळी ते गेल्यावर मी तिला विचारलं, "माय, काय करू?"

ती वड्या टोपल्यात भरत होती. "मले विचारू नको. मी त्याची माय आहो. माझी जीभ विकलेली आहे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "एवढं सांगतो. तू नाई म्हटलं तर तो जाईन. मी नाई जाणार. मी तुझ्याचजवळ राहीन." आमच्याकडच्या जुन्या बाया असंच बोलतात, मी सांगतो, मी जातो. तिचं हे बोलणं ऐकून मला रडू आलं, आणि ते गेले तेव्हाही मी रडले नव्हते.

आता ते गेले कसे, ते सांगते.

ते गेले त्याच वर्षी जेठात माझे बाबा वारले. निरोप आला तेव्हा आम्ही दोघं मागावर होतो. उमरेडचा माणूस दारात उभा राहून म्हणाला, "बाई, तुमचे बाबा गेले जी." मी ऐकलं. आणि हात थांबलेच नाहीत. मी धोटा टाकत राहिले. मोजणं बंद झालं होतं, हात चालू होते. मग त्यांनी फणी सोडली आणि माझ्या हातातून धोटा काढून घेतला.

तेरा दिवसांनी मी उमरेडहून परत आले आणि मागावर बघितलं तर उजव्या काठाचे तीन दात गेले होते. अंगठ्याएवढ्या जागेत काठ सरळ, सपाट. मी सुई घेतली. हे असे विणकर होते, की एक तार चुकली तर हातभर कापड उकलायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. तेच म्हणाले, "उकलू नको. पुढं चाल."

"चूक आहे ना जी."

"असू दे. तेवढी बाबाची जागा आहे."

मी माणसाला देव मानणारी बाई नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, आपलं चांगलं झालं. बाबांनी घर बघून दिलं ते बरोबर दिलं.

साडी झाली. ते भंडाऱ्याला मालकाकडे घेऊन गेले. मालक म्हणजे व्यापारी, आम्हाला कोसा द्यायचा आणि साडी घ्यायचा. संध्याकाळी परतले. मी विचारलं, "घेतली का? काही म्हटलं?"

"घेतली. काही नाई म्हटलं."

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. दुकानं, दंडारीचे खेळ, सगळे पाव्हणे-रावळे. अड्याळच्या मंडईला मी मायसोबत गेले, तिची भाची तिथं दिली आहे. भर दुपार होती. बांगड्यांच्या दुकानापुढं गर्दी. माझ्यापुढं एक बाई उभी होती, माझ्याच वयाची, अंगानं भरलेली, गजरा माळलेला. करवतकाठी नेसली होती. आपलं कापड दिसलं की आपली नजर आधी काठावर जाते, तशी गेली. खांद्यावरून पदर खाली आला होता. उजवा काठ. दात, दात, दात, आणि मग अंगठ्याएवढी सपाट जागा.

मी तिच्या मागेमागे चालायला लागले. माय हाक मारत राहिली. तीन दुकानं गेले तिच्या मागे, आणि मग तिला विचारलं, "बाई, साडी कुठली हो?"

ती हसून वळली. छान हसायची. "पवनीची. ओळखीच्या माणसानं दिली." मग तीच म्हणाली, "काठ चुकला आहे थोडा. पण मले आवडते. असं कोठी पाहायला नाई मिळत."

मी म्हटलं, "हो. नाई मिळत."

तिचं नाव रत्नमाला. एसटी स्टँडजवळ शिलाईचं दुकान. नवरा वारलेला. हे सगळं मला मायच्या भाचीनं संध्याकाळपर्यंत सांगून टाकलं, कोणाबद्दल सांगते आहे हे न कळता.

दुसऱ्या दिवशी मागावर बसलो. नवीन साडी चालू होती, अर्ध्यावर आली होती. मी दहा-बारा धोटे टाकले आणि म्हटलं, "अड्याळच्या मंडईत आपली साडी पाहिली."

त्यांचा धोटा हातात राहिला. कोणती साडी, हे त्यांनी विचारलं नाही.

"कधीपासून?"

"जेठानंतर."

म्हणजे पाच महिने. पाच महिने हा माणूस माझ्या गुडघ्यापासून वीतभरावर बसून विणत होता, आणि एकदा, एकदाही ठोका चुकला नव्हता. पुष्कळ दिवस मला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं. दुसरी बाई होती ते एक. पण आतून इतकं खोटं आणि हात इतका खरा, हे कसं जमलं?

"तिच्याकडं जायचं आहे?" मी विचारलं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन गेले. मायनं फाटकापर्यंत जाऊन शिव्या घातल्या, त्या मी पहिल्यांदाच तिच्या तोंडून ऐकल्या.

तर ते झालं. आणि आता फाल्गुनात पुन्हा आम्ही त्याच मागावर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी जुळायला लागलं. मला नको होतं, पण हातांना कोण सांगणार. सकाळी दहाच्या सुमारास एकदम लय लागली, आणि मग धोटा, धोटा, ठोका, धोटा, धोटा, ठोका. गल्लीतून जाणारी माणसं थांबून ऐकायला लागली. आमच्या गल्लीत तेव्हा बत्तीस माग होते आणि प्रत्येक घराचा आवाज ज्याला त्याला ओळखू यायचा. आता त्या गल्लीत एक माग नाही, मोटारसायकली आहेत. कधी दुपारी पडल्या पडल्या मला अजून तो आवाज येतो. उठून बसते, तर शेजारच्या घरात टीव्ही चालू असतो.

असो. त्या दिवशी आवाज ऐकून झिंगरूभाऊजींची बायको खिडकीत आली आणि म्हणाली, "जुळलं वाटते वयनी?" मी म्हटलं, "साडी जुळली." ती गेली.

दुपारी ते हात धुऊन आले आणि खड्ड्यात उतरायच्या आधी त्यांनी पिशवीतून एक घडी काढून माझ्या बाजूला ठेवली. बघायची गरज नव्हती. तरी मी उघडली. उजवा काठ, तीन दात नाहीत. धुऊन, इस्त्री करून दिली होती.

मी विचारलं, "तुमी आलात, का तिनं घालवलं?"

बघा, इथं कोणताही पुरुष काय बोलेल ते सगळ्यांना माहीत आहे. तुझी आठवण आली, राहवलं नाही, चूक कळली. मी तयार होते ते ऐकायला. ऐकून घ्यायचं आणि संध्याकाळी नाही म्हणून सांगायचं, असं सकाळी मी ठरवलंच होतं जवळजवळ.

"तिनं घालवलं," ते म्हणाले.

मी साडीची घडी पुन्हा घातली.

"तिनं एक दिवस विचारलं, इथं दात काहून नाई. तोपर्यंत कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. तिनं उभ्या उभ्या साडी बदलली. म्हणे, बायकोच्या बापाच्या मरणाची साडी मले नेसवली तुमी. म्हणे, असा माणूस उद्या माझं काय कोणाले नेसवीन. दुसऱ्या दिवशी ही घडी अन् माझे दोन कपडे दारात ठेवले."

"मग इकडं आलात."

"आठ दिवस भंडाऱ्याला एका मागावर बसलो. मग आलो."

"म्हणजे तिच्या शहाणपणानं आलात."

"हो."

मला त्या बाईचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट वाटलं, हिच्याशी माझी चांगली मैत्री झाली असती. राग सगळा यांच्यावर आला. "ती साडी तुमी दिलीच कशी? दुसरी साडी नव्हती? दुनियेत दुसरी साडी नव्हती तुमाले द्यायले?"

माझा आवाज चढला. बाहेर मायची काठी वाजायची थांबली.

ते खड्ड्याच्या काठावर बसले. "मालकानं घेतली नव्हती. काठ चुकला म्हणून परत केली. तुले कसं सांगू? तू म्हणशीन, बाबाची जागा परत आली. म्हणून घेतली असं सांगितलं. मग साडी घरी आणता येईना. अड्याळला बस थांबते, स्टँडवर तिचं दुकान. तिले दाखवली, हे झाकता येते का म्हणून. ती म्हणे, राहू द्या इथं, पाहतो. तिथंच राहिली. मी दर वेळी विचारायले जाऊ लागलो."

म्हणजे सुरुवात माझं मन राखण्यापासून झाली होती. हे ऐकून मला हसावं की त्यांना धोटा फेकून मारावा हे कळेना. एक लहानसं खोटं, चांगल्या मनानं बोललेलं, आणि त्याला झाकायला पुढं काय काय.

"चाला," मी म्हटलं. "हाताची लय सुटेल."

आम्ही पुन्हा विणायला लागलो.

दहाव्या दिवशी साडी वीतभर राहिली होती. माय सकाळपासून घरात नव्हती, मुद्दामच शेजारी जाऊन बसली होती. मला माहीत होतं की आज हा शेवटचा पदर संपला की ते उठून उभे राहतील आणि माझ्याकडे बघतील. आणि मला आत काहीच सापडत नव्हतं. हो नव्हतं, नाही नव्हतं. फक्त एक गोष्ट रुतून बसली होती.

ती मी विचारली. हात चालू असतानाच विचारली.

"बाबा गेले तेव्हा तुमी म्हटलं होतं, उकलू नको, तेवढी बाबाची जागा आहे. ते खरं होतं का?"

धोटा गेला. माझा गेला. ठोका पडला.

"ते तेवढं खरं होतं का?"

ते विणत राहिले. मीही विणत राहिले. मग मला जाणवलं की ठोका कधी लवकर पडतो आहे, कधी उशिरा. मी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. माझ्या बाजूचे दात नीट पडत होते. त्यांच्या बाजूला, डाव्या काठाला, लाल धागा सरळ खाली चालला होता. एक दात गेला, दोन गेले.

इतक्या वर्षांत त्यांचा हात मी पहिल्यांदा चुकलेला पाहिला.

त्यांना कळलं तेव्हा ते थांबले. काठाकडे बघत राहिले. मग सवयीनं फळीवरची सुई उचलली.

"उकलू नका," मी म्हटलं. "पुढं चाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. धोटा टाकला.

साडी दुपारी उतरली. त्यांनी कापली, आम्ही दोघांनी दोन टोकं धरून घडी केली. ते उभे राहिले. मी म्हटलं, "उद्या भंडाऱ्याला मालकाकडं घेऊन जा. मग पाहू."

माय आली, तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला वाटलं झालं. चुलीकडे जाताना ती गुणगुणत होती. तिला वाटलं तसं मलाही अर्धं वाटत होतं. पण अर्धंच. डावा काठ चुकलेला आहे, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मालक ही साडी घेणार नाही, हेही दोघांना माहीत होतं. आणि भंडाऱ्याहून पवनीला येणारी बस अड्याळला थांबते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते गेले. मी शेडात गेले नाही. मायनं विचारलं, "काहून गेली नाई?" मी म्हटलं, "अंग दुखते." तांदूळ निवडायला घेतले. तेच तांदूळ दोनदा निवडले.

साडेतीनची बस आली. आमच्या अंगणातून स्टँड दिसत नाही, पण बसचा हॉर्न ऐकू येतो आणि मग तीन-चार मिनिटांत माणसं गल्लीतून जायला लागतात. कापडाचे गठ्ठे घेतलेले दोघं गेले. पराते गुरुजी गेले. एक लेकुरवाळी बाई गेली. मग गल्ली रिकामी झाली.

माय म्हणाली, "मालकानं बसवून ठेवलं असन."

"असन."

मी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, बरं झालं, ठरवावं लागलं नाही. उद्या भावाला चिठ्ठी टाकू. मायला घेऊन जाऊ, भाऊ नाही म्हणणार नाही. की इथंच राहू, माग तर मोकळा झालाच आहे. मी हे सगळं अगदी शांतपणे ठरवत होते. फक्त सूप पुन्हा उचललं होतं आणि तेच तांदूळ तिसऱ्यांदा निवडत होते.

पुढची बस दिवेलागणीच्या जरा आधी असते. ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. हॉर्न वाजला. मी उठून आत जायला निघाले, कारण मला पुन्हा ती माणसं मोजायची नव्हती.

"कोण पायजे तुले?" मायचा आवाज आला. पण या वेळी त्या आवाजात हसू होतं.

मी वळले. ते फाटकापाशी उभे होते, त्याच पिशवीसह. आत आले नाहीत. तिथंच उभं राहून त्यांनी पिशवीत हात घातला आणि साडी काढली, गल्लीतल्या सगळ्यांना दिसेल अशी. दोन्ही हातांवर धरून पुढं केली.

"मालकानं घेतली नाई," ते म्हणाले. "परत केली. डावा काठ चुकला म्हणते."

एवढंच. ती साडी मी त्यांच्याकडून घेतली. आज दोन्ही साड्या माझ्या पेटीत एकावर एक आहेत. ते वारले तेव्हा पोरगी म्हणाली, आई, यातली एखादी काढून टाकू का, जुन्या झाल्या. मी म्हटलं, हात लावू नको.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी माय माझ्याकडे बघत होती. ती काही विचारणार होती, पण मीच पुढं झाले. रांजणातून तांब्या भरला, अंगणात आणला आणि त्यांच्या पायांवर पाणी घातलं.